खानदेशी बेसॉल्ट, सुधारित रेझीन आणि हरवलेले युरेनियम

धुळ्यातील एका संशोधक विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी ॲम्बरलाइट एक्सएडी-४ या सच्छिद्र पॉलिस्टायरीन मण्यांवर ॲझो बंधाने सॅलिसिलिक आम्ल जोडून सुधारित रेझीन, म्हणजे द्रावणातले धातू पकडून धरणारे मणी, तयार केले. ऊर्ध्वपातित पाण्यात युरेनियल नायट्रेट हा युरेनियमचा विद्राव्य क्षार मिसळून घेतलेल्या चाचण्यांत पीएच ५.५ ला ९८ टक्के युरेनियम रेझीनवर पकडले गेले. मग पांझरा नदीकाठच्या खाणीतला बेसॉल्ट दळून, अम्लराजात (तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) उकळून, द्रावणाचा पीएच ५.५ वर आणून, गाळून त्याच रेझीनमधून सोडला. मुद्दाम घातलेल्या युरेनियमपैकी या वेळी जेमतेम ४० टक्के परत मिळाले. उलट काहीही न घातलेल्या दगडात आर्सेनाझो-३ या धातूंशी रंग देणाऱ्या रसायनाच्या रंगावरून ६ पीपीएम (दशलक्षात सहा भाग) युरेनियम दिसले. आता रेझीनमध्ये आणखी कोणती सुधारणा करावी, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की, रेझीनला तूर्त हात लावू नका. तुमच्या दोन्ही आकड्यांचा रेझीनशी फारसा संबंध नाही. ४० टक्क्यांचा आकडा लोखंडाने घडवला आहे, आणि ६ पीपीएमचा आकडा बहुतांशी युरेनियमचा नसून झिर्कोनियम, थोरियम आणि दुर्मिळ मृदा धातूंचा आहे. दगडांच्या पृथक्करणात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या दोन्ही खड्ड्यांत मी स्वतः पडून आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी दगडाकडे पाहू. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत पायाखाली जो काळा दगड आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे दख्खन ट्रॅपचा बेसॉल्ट आहे. नंदुरबार–धुळे पट्ट्यात त्याला छेदून उभ्या राहिलेल्या डाइक भिंतींचा दगडही त्याच कुळातला आहे. शिलारसात युरेनियमचा आयन आकाराने मोठा आणि चार धनभारांचा असतो. ऑलिव्हीन, पायरॉक्सीन किंवा प्लॅजिओक्लेज यांच्या स्फटिकजालात त्याला जागा मिळत नाही, त्यामुळे तो शेवटपर्यंत वितळलेल्या भागातच रेंगाळतो आणि ग्रॅनाइटसारख्या खडकांत साठतो. भूकवचाच्या वरच्या थराची युरेनियमची सरासरी साधारण २.७ पीपीएम धरतात, ग्रॅनाइटमध्ये तीन ते पाच पीपीएम सहज सापडते, पण आपल्याकडच्यासारख्या बेसॉल्टमध्ये ते सामान्यतः एक पीपीएमच्याही खाली असते. म्हणून पांझरेकाठच्या बेसॉल्टमध्ये ६ पीपीएम दिसल्यावर आनंद होण्याऐवजी संशय यायला हवा होता.

आता थोडे गणित करू, कारण या विषयातले निम्मे गैरसमज गणित न केल्यामुळे टिकून आहेत. समजा दगडात ०.४ पीपीएम युरेनियम आहे. एक ग्रॅम दगड पूर्ण विरघळवला तर हाती ०.४ मायक्रोग्रॅम युरेनियम येते. ते दहा मिलिलिटर द्रावणात आणले तर त्याची संहती सुमारे १.७ × १०⁻⁷ मोलर होते. आर्सेनाझो-३ चा मोलर शोषणांक तुमच्या स्थितीत पन्नास हजारांच्या आसपास धरला, तर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या काचपात्रात) प्रकाशाचे शोषण ०.००८ येईल. महाविद्यालयीन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर क्युव्हेट काढून पुन्हा ठेवली तरी एवढा फरक पडतो. याच एका ग्रॅम दगडात लोखंड मात्र सुमारे ९० मिलिग्रॅम असते, म्हणजे वजनाने युरेनियमच्या दोन लाख पटींहून अधिक, आणि अणूंच्या संख्येने जवळजवळ दहा लाख पट. झिर्कोनियम शंभर-दीडशे पीपीएम असू शकते, थोरियम बहुधा युरेनियमच्या तीन-चार पट असते, आणि आर्सेनाझो-३ या सगळ्यांशी रंग देतो. तुम्ही मोजलेला रंग खोटा नव्हता, त्याला दिलेले नाव तेवढे चुकले.

याच गणिताची दुसरी बाजू रेझीनच्या धारणक्षमतेची आहे. सुधारित रेझीनवरचे बरेचसे लेखन ‘एका ग्रॅम रेझीनवर इतके मिलिग्रॅम युरेनियम बसते’ या आकड्याभोवती फिरते. बाजारात मिळणाऱ्या साध्या तीव्र आम्लारी ऋण-आयन रेझीनची क्षमता मिलिलिटरला सुमारे १.२ मिलिसममूल्य (म्हणजे तितके मिलिमोल विद्युतभार) असते. युरेनियल, म्हणजे दोन ऑक्सिजनशी जोडलेले युरेनियम, सल्फेटशी बांधले जाऊन चार ऋणभारांचा आयन म्हणून त्यावर बसले तरी एका मिलिलिटरवर सत्तर मिलिग्रॅम युरेनियमला जागा आहे. तुम्हाला बसवायचे आहे ०.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे जागा गरजेच्या दीड लाख पटींहून जास्त आहे. ती तीन लाख पट करून काय मिळणार? दगडाच्या कामात रेझीनने किती धरले यापेक्षा काय सोडून दिले हे महत्त्वाचे असते. लाखो लोहआयन शेजारून जात असताना त्यांना न शिवता एका युरेनियलला धरणे, हीच खरी परीक्षा. ऊर्ध्वपातित पाण्यात ती परीक्षा कधी होतच नाही, कारण तिथे दुसरे कोणी नसते.

आता हरवलेल्या साठ टक्क्यांकडे येऊ. सॅलिसिलिक आम्ल, इमिनोडायॲसिटेट, ॲमिडॉक्झिम अशा पकडगटांची रेझीने पीएच ५ ते ६ ला उत्तम चालतात असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण दगडाचे आम्लधर्मी द्रावण त्या पीएचपर्यंत नेताना वाटेत काय घडते? त्रिसंयुजी लोखंड पीएच ३ च्या आसपासच हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसू लागते, टायटॅनियम त्याच्याही आधी बसते, आणि मागोमाग ॲल्युमिनियमही येते. हा लोखंडाचा ताजा साका युरेनियल आयन आपल्या पृष्ठभागावर अतिशय हावरटपणे ओढून घेतो. तो इतका कार्यक्षम आहे की पाण्यातले युरेनियम गोळा करण्यासाठी विश्लेषक तो मुद्दाम वापरतात. म्हणजे तुमचे द्रावण रेझीनपर्यंत पोहोचण्याआधीच दुसऱ्या एका अधिशोषकाच्या हाती लागले, आणि तो अधिशोषक तुम्ही गाळणकागदासकट फेकून दिलात. तो तपकिरी चिखल राखून ठेवला असेल तर विरल नायट्रिक आम्लात विरघळवा आणि त्यातले युरेनियम मोजा. हरवलेल्यापैकी बराचसा भाग तिथे सापडेल असे माझे भाकीत आहे.

शुद्ध पाण्यातल्या ९८ टक्क्यांवरही माझा पूर्ण विश्वास नाही, हे मोकळेपणाने सांगतो. तुम्ही घेतलेली संहती कळवलेली नाही. ती लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या घरात असेल, तर पीएच ५.५ ला युरेनियलचे जलविघटन होऊन थोडा साका रेझीनशिवायही बसतो, आणि द्रावणातून जे गेले ते रेझीनवर गेले असे आपण धरून चालतो. काही भाग भांड्याच्या काचेलाही चिकटतो. यासाठी रेझीन न घातलेली बाटली, त्याच पीएचची, तितकाच वेळ हलवून मोजावी लागते. शिवाय रेझीनवर किती बसले हे वजाबाकीने ठरवू नये. ते उतरवून, प्रत्यक्ष मोजून ठरवावे.

मग मार्ग कोणता? दगडाचे द्रावण आम्लधर्मी असते, तर आम्लातच काम करणारे रसायन निवडावे. द्रावणाला रेझीनच्या सोयीच्या पीएचवर ओढत नेण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे. झारखंडमधील जादूगुडा येथे, जिथे युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही १९६७ साली स्थापन झालेली कंपनी खाण चालवते, तिथे हेच तत्त्व दिसते. तिथे दळलेल्या खनिजातून सल्फ्युरिक आम्लाने युरेनियम द्रावणात उतरवतात. त्या द्रावणात युरेनियल सल्फेटशी बांधला जाऊन ऋणभारित होतो, तर बहुतेक धातू धनभारित राहतात, आणि म्हणून ऋण-आयन रेझीन त्याला वेगळा काढू शकते. आंध्र प्रदेशातील तुम्मलपल्ले येथे मात्र यजमान खडकच कार्बोनेटचा आहे. तिथे आम्ल ओतले तर खडकच ते पिऊन टाकेल, म्हणून तिथे सोडा वापरून युरेनियम कार्बोनेटच्या ऋण-आयनाच्या रूपात विरघळवतात. दोन्ही ठिकाणी आधी खडक पाहून रसायन ठरले आहे.

तुमच्या एक-दोन ग्रॅमच्या विश्लेषणासाठी दोन रस्ते मला विश्वासाचे वाटतात. पहिला जुना आहे. ८ ते ९ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात युरेनियल क्लोराइडचा ऋण-आयन तीव्र आम्लारी रेझीनवर बसतो. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, दुर्मिळ मृदा आणि थोरियम निघून जातात, पण लोखंडही क्लोराइडचा ऋण-आयन करून युरेनियमच्या शेजारी ठाण मांडते. ते हलवण्यासाठी कॉलम, म्हणजे रेझीन भरलेली नळी, ७ ते ८ मोलर नायट्रिक आम्लाने धुतात. त्यात लोखंड सुटते. युरेनियमची पकडही या आम्लात मध्यमच असते, त्यामुळे धुण्याचे माप मोजून ठेवावे लागते, नाहीतर तेही वाहून जाते. शेवटी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने युरेनियम उतरते.

दुसरा रस्ता फॉस्फोनेटचा. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत फिलिप हॉर्विट्झ यांच्या गटाने डायपेंटाइल पेंटाइलफॉस्फोनेट हे द्रव सच्छिद्र मण्यांत मुरवून जे रेझीन घडवले, ते आज युटेव्हा या नावाने विकले जाते. ३ मोलर किंवा त्याहून तीव्र नायट्रिक आम्लात ते युरेनियमला घट्ट धरते आणि लोखंडाकडे बघतही नाही. थोरियमलाही ते धरते, पण ५ ते ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने थोरियम आधी सोडवता येते आणि मग अतिविरल हायड्रोक्लोरिक आम्लाने युरेनियम. हेसुद्धा सुधारित रेझीनच आहे. सुधारणा कोणत्या माध्यमासाठी केली, एवढाच तुमच्या आणि त्यांच्या कामात फरक आहे. तुम्हाला स्वतःचे रेझीन घडवायचीच हौस असेल, आणि ती असावी, तर सॅलिसिलिक आम्लाऐवजी फॉस्फोनेट गट जोडून पाहा, कारण तो तीव्र आम्लातही युरेनियमला सोडत नाही. मुरवलेल्या रेझीनमधून द्रव हळूहळू झिरपून जातो. तुम्ही रासायनिक बंधाने जोडण्याची पद्धत निवडली आहे, तिचा फायदा तिथे खरोखर होईल.

इथे एक आठवण सांगतो. फॉस्फेट आणि फ्लोराइड हे दोघे युरेनियलला द्रावणातच बांधून ठेवतात आणि रेझीनपर्यंत येऊ देत नाहीत, म्हणून द्रावणात ॲल्युमिनियम नायट्रेट घालतात, म्हणजे ते दोघे ॲल्युमिनियमच्या मागे लागतात. मी नोकरीला असताना एका वर्षी आमचे सगळे बेसॉल्ट अचानक श्रीमंत निघू लागले. तीन महिने आम्ही दगडावर, कॉलमवर आणि एकमेकांवर संशय घेतला. शेवटी कोणीतरी दगड न घालता सगळी क्रिया केली, तर युरेनियम तेवढेच! ॲल्युमिनियम नायट्रेटच्या नव्या बाटलीतच ते होते. तेव्हापासून त्याचे द्रावण मी आधी त्याच रेझीनमधून गाळून मगच वापरतो. तुमच्या वहीत कोऱ्या चाचणीचा आकडा दिसत नाही. ०.४ मायक्रोग्रॅम शोधताना कोरी चाचणी नसेल तर बाकीचे सगळे आकडे शोभेचे ठरतात.

दगड विरघळवण्याबद्दल. अम्लराज सिलिकेटची चौकट उघडत नाही. तो सल्फाइड, कार्बोनेट, ऑक्साइड आणि काही सैल खनिजे खातो. खाली जो राखाडी गाळ उरला असेल, त्यातही युरेनियम असू शकते. सिलिकेट उघडायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते, किंवा लिथियम मेटाबोरेटबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत वितळवावे लागते. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरल्यास टेफ्लॉनची भांडी घ्यावीत आणि ते नंतर नायट्रिक आम्लाबरोबर पुन्हा पुन्हा आटवून घालवावे. घाई केली तर कॅल्शियम आणि दुर्मिळ मृदा धातूंचे फ्लोराइड तळाशी बसतात आणि चतुःसंयुजी युरेनियम त्यांच्याबरोबर जाते. म्हणून माध्यम ऑक्सिडीकारक ठेवावे. हे आम्ल कातडीतून आत शिरून कॅल्शियमवर हल्ला करते आणि सुरुवातीला वेदनाही होत नाहीत. कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी नसेल आणि धुराडे (विषारी वाफ बाहेर ओढणारे कपाट) चालू नसेल तर बाटलीचे झाकण उघडू नका. यात सवलत नाही.

तीव्र नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय रेझीन यांची जोडीही निरुपद्रवी नाही. अमेरिकेतील हॅनफर्ड येथे १९७६ साली अमेरिशियम हा किरणोत्सर्गी धातू लादलेला आयन-विनिमय कॉलम बरेच दिवस तसाच पडून राहिला, आणि पुन्हा नायट्रिक आम्ल सोडल्यावर फुटला. तुमचा कॉलम काही मिलिलिटरचा असला तरी नायट्रेट रूपातले रेझीन कोरडे पडू देऊ नका, तापवू नका आणि काम संपल्यावर पाण्याने धुऊन ठेवा. युरेनियल नायट्रेट हा अणुऊर्जेविषयीच्या कायद्याखाली येणारा पदार्थ आहे. त्याची नोंदवही महाविद्यालयाने ठेवलीच पाहिजे आणि त्याचे टाकाऊ द्रावण मोरीत जाता कामा नये. इतक्या अल्प मात्रेत त्याच्या किरणोत्सर्गापेक्षा मूत्रपिंडावरचा रासायनिक विषपरिणाम अधिक काळजीचा असतो.

पद्धत तपासायला बेसॉल्टच हवा, तर आधी ज्याचे उत्तर माहीत आहे असा घ्या. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संदर्भ नमुने मिळतात. त्यांत हवाईचा बीएचव्हीओ-२ सुमारे ०.४ पीपीएमचा आणि कोलंबिया नदीकाठचा बीसीआर-२ सुमारे १.७ पीपीएमचा आहे. दोन्ही बेसॉल्टच असल्याने लोखंडाचा त्रास तोच राहतो. मोजणी आर्सेनाझोवर सोडू नका. उतरवलेले द्रावण आयसीपी-एमएस (अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. मुद्दाम घालायचे युरेनियम दगड विरघळवण्याआधी घाला. विरघळवल्यानंतर घातलेले युरेनियम फक्त कॉलमची कहाणी सांगते. आधी घातले तरी ते झिरकॉनच्या दाण्यात अडकलेल्या युरेनियमबद्दल काही सांगू शकत नाही, म्हणून संदर्भ नमुना लागतोच.

दगड गोळा करताना खडी क्रशरची भुकटी उचलू नका. ताजा, पोकळ्या नसलेला भाग फोडून घ्या आणि बाहेरची पिवळट साल काढून टाका, कारण हवा-पाण्याच्या संपर्कात युरेनियम सहज वाहून जाते. पोकळ्यांत स्टिलबाइटसारखे झिओलाइट भरलेले असतात. जळगाव परिसरातल्या खाणी अशा स्फटिकांसाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. त्यांच्यासोबत सापडणारा सुंदर हिरवा ॲपोफिलाइट मात्र झिओलाइट नव्हे, हे जाता जाता. गंमत म्हणजे झिओलाइट हे स्वतःच नैसर्गिक धन-आयन विनिमयक आहेत. पण तुमच्या नमुन्यात ते आले तर बेसॉल्टचे प्रमाण तेवढे कमी होते.

युरेनियम थोडे अधिक असलेला दगड सरावाला हवा असेल, तर स्वयंपाकाच्या ओट्यासाठी फरशी कापणाऱ्यांकडून लाल किंवा गुलाबी ग्रॅनाइटचा तुकडा आणा. ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जे विकतात ते बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असते, म्हणजे पुन्हा आपल्या बेसॉल्टचेच भावंड. कोळशाची राखही वाईट नाही, कारण कोळसा जळाल्यावर त्यातले युरेनियम राखेत साठून राहते. पण राख काचेसारखी असते आणि तिलाही हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते.

राहिला प्रश्न तुम्ही एवढ्या कष्टाने केलेल्या सॅलिसिलिक रेझीनचा. ते फेकू नका, त्याला दगडाऐवजी पाणी द्या. खानदेशातल्या विंधन विहिरींच्या पाण्यात लोखंड नगण्य, क्षार भरपूर आणि बायकार्बोनेट मुबलक असते. अशा पाण्यात युरेनियम कार्बोनेटशी, आणि बऱ्याचदा कॅल्शियमशीही, जखडलेले असते. तसेच ओतले तर तुमचे रेझीन ते पकडणार नाही. पण पाण्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ वर आणले आणि थोडे उकळून कार्बन डायऑक्साइड घालवला, की जखडण मोडते. मग ते थंड करून, कार्बोनेटविरहित आम्लारीने आणि ॲसिटेट बफरने पीएच ५.५ वर आणले तर साका बसायला लोखंडच नसते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. लिटरला एक मायक्रोग्रॅम असलेले एक लिटर पाणी रेझीनमधून सोडून पाच मिलिलिटर आम्लात उतरवले, तर संहती दोनशे पटींनी वाढते. सुरुवातीला एकाच विहिरीचे पाच लिटर पाणी घ्या आणि त्याचे पाच भाग करा. एकात काही घालू नका, तिघांत वाढत्या मापाने युरेनियम घाला, पाचवा भाग उकळल्याशिवायच सोडा. कोऱ्या चाचणीसाठी एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी हीच सगळी क्रिया करून सोबत न्या. सहाही आकडे, आणि प्रत्येकाच्या रेझीनमधून बाहेर पडलेल्या पाण्यात उरलेले युरेनियम, मला कळवा. तो तपकिरी चिखल मोजला असेल तर त्याचाही आकडा जोडा.